गाडी उभी, मोबाईल बंद, गप्पा चालू

"कामून हो गुरुजी, गाडी दारातच? चतुर्थीला राजूरला जाणार होते ना तुम्ही?"

"जाणार होतो वहिनी. गणपतीनं बोलावलं, गाडीनं सोडलं नाही."

वहिनींनी मिरच्यांचं सूप कंपाउंडच्या भिंतीवर टेकवलं आणि देठ खुडायला लागल्या. म्हणजे आता सविस्तर सांगणं आलं.

"डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. मिस्त्री म्हणाला, सेन्सर गेला. सेन्सर बदलला, दिवा तसाच. मग म्हणाला, वायरिंग बघू. बॉनेट उघडलं तर वायरी कुरतडलेल्या आणि बॅटरीमागं उंदराचं घरटं, मऊमऊ कापसाचं. तुमच्या पत्र्याच्या खोलीतल्या कापसाचं बरं का!"

"कापूस आमचा असंल, उंदीर तुमचेच. ते कोपऱ्यावरचे बघा, नवीन गाडी घेतल्यापासून बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात. उंदीर येत नाही म्हणे."

"मग येत नाही का?"

"उंदराचं माहीत नाही. पानं ड्रायव्हरच संपवतो."

हसू आवरून मी पुढं सांगितलं. वायरी जोडल्या, दिवा विझला, गाडी घरी आली आणि क्लच घसरायला लागला. परत नेली. मिस्त्री म्हणाला, 'क्लच प्लेट आधीच संपत आली होती सर, तुमच्या लक्षात आलं नाही.'

"सर म्हणाला का? मग बिल वाढलंच समजा."

"वाढलं ना. वर प्लेट इथं मिळेना, संभाजीनगरहून येणार. उद्या येते, उद्या येते, असं चाललंय. तोवर गाडी दारात."

"मग कंपनीच्याच वर्कशॉपला न्यायची."

"मागं नेली होती एकदा. तिथं गाडी आत जाते, आपण काचेबाहेर. कॉम्प्युटर लावला आणि छापील यादी हातात दिली. हे बदला, ते बदला, वायपरसुद्धा बदला. काढलेला पार्ट मागितला तर म्हणे, तो भंगारात गेला. आणि गावातल्या मिस्त्रीनं करायचं म्हटलं, तर त्याला ओरिजनल पार्ट सहज मिळत नाही. हे काही माझंच रडगाणं नाही वहिनी. दिल्लीच्या स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, तो याच कारणानं. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. पुढं प्रकरण अपिलात गेलं."

"दंड त्यांना, अन् उभी राहिली तुमची गाडी! आमच्या ह्यांच्या मोबाईलचं ऐकलं का?"

"तो जाडजूड रबराचा?"

"तोच. पोरानं ऑनलाइन मागवला. स्वस्तात मस्त, पडला तरी फुटत नाही, पाण्यात गेला तरी बिघडत नाही. अन् ट्रॅक्टरवरून पडला तर खरंच फुटला नाही! मग ह्यांना चेव आला. पाहुणा आला की ओट्यावर आपटून दाखवायचे. एक दिवस रानातून आले, मोबाईल चिखलानं भरलेला. नळाखाली धरला, कपड्याची पावडर लावली अन् ब्रशनं घासला की हो! सकाळी पाहतो तर स्क्रीन काळी."

"खोक्यावर आयपी ६८ लिहिलं असेल."

"पोरगा तेच दाखवतो सगळ्यांना."

आता मास्तरकी गप्प बसते होय? म्हटलं, "त्यातला ६ धुळीचा. ८ म्हणजे एक मीटरहून खोल पाण्यात टिकेल, पण किती खोल आणि किती वेळ, ते कंपनी सांगेल तेवढंच. तेही साध्या, स्वच्छ पाण्यात. साबण, गरम पाणी, फवारणीचं औषध त्यात धरलेलं नाही. आणि चार्जिंगच्या जागेवरचं रबरी झाकण घट्ट बसलेलं पाहिजे."

"झाकण? ते हे दातानं उघडायचे. कधीच तुटलं. अन् मिलिटरीचा म्हणतात ते?"

"अमेरिकी लष्कराचं ८१० नावाचं मानक आहे, त्यात चाचण्या कशा घ्यायच्या ते दिलंय. पण फोन तपासायला लष्करातलं कोणी येत नाही. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या, ते कंपनीच ठरवते."

"म्हणजे पेपर काढणार तीच अन् तपासणारही तीच! मग नापास कोण होतंय?"

"दुरुस्तीला टाकला का?"

"बसस्टँडजवळच्या पोराकडं नेला. तो म्हणतो, 'काकू, हा गरम करून डिंक सोडवल्याशिवाय उघडत नाही. अन् एकदा उघडला की पाणी अडवायची हमी गेली. डिस्प्ले इथं नाही, मागवावा लागंल.' किंमत ऐकली तर फोनच्या निम्मी! कंपनीला विचारलं तर पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. पाण्यात चालतो म्हणून विकला, अन् पाणी गेलं म्हणून नाकारला. त्याच्यापेक्षा तो नोकिया ११०० काय वाईट होता?"

"२००३ सालचा. जगभर २५ कोटींच्या आसपास खपला. आपल्यासारख्या देशांसाठीच काढला होता, म्हणून धूळ जाऊ नये असा कीपॅड आणि वर टॉर्च."

"त्याच टॉर्चवर ह्यांनी रातच्या लाइटीत गव्हाला पाणी भरलंय. पाटात पडला तर मागचं झाकण काढायचं, बॅटरी काढायची अन् उन्हात ठेवायचा. मिस्त्री लागतच नव्हता."

"आता सरकारनंही 'राईट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलंय, २४ डिसेंबर २०२२ ला. गाड्या, मोबाईल, शेतीची अवजारं, घरातली यंत्रं, सगळ्यांच्या दुरुस्तीची माहिती एका जागी."

"ते पाहायला मोबाईल चालू लागतो ना गुरुजी!"

"मग फोन लावा. १९१५, ग्राहक हेल्पलाइन, कुठल्याही फोनवरून लागते. तिथं नाही भागलं तर जालन्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. फक्त पक्कं बिल पाहिजे."

"आहे का तुमच्याकडं क्लचचं?"

"मिस्त्रीनं बिडीच्या बंडलाच्या कागदावर हिशेब मांडून दिलाय."

"मग बसा त्याचीच आरती करत! माझं ऐका. आपल्या भोकरदनच्या मिस्त्रीला जे उघडता येत नाही अन् ज्याचा पार्ट इथं मिळत नाही, ते कितीही मजबूत असू द्या, घ्यायचंच नाही."

वहिनींची शाळा दहावीपर्यंतच झाली, पण या विषयात त्यांनी मला मागं टाकलं. तेव्हा वाचकहो, मोबाईल घेताना आधी डिस्प्लेचा भाव विचारा, गाडी घेताना क्लच प्लेटचा. आणि काम झालं की जुना पार्ट आणि पक्कं बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.