चार छिद्रांचा पंचनामा

माझ्या मोटारीच्या दर्शनी बंपरास जी चार छिद्रे होती ती अपघाताने पडलेली नव्हती, उंदराने पाडलेली नव्हती, आणि पवनीच्या चहाच्या टपऱ्यांवर काही दिवस जी आख्यायिका जोरात होती तिच्याप्रमाणे कऱ्हांडल्याच्या जंगलात कोणा चोरट्या शिकाऱ्याच्या छर्‍यांनी तर ती मुळीच पडलेली नव्हती. ती मी स्वतः समोर उभे राहून, ड्रिल चालविणाऱ्या पोरास "उजवीकडे अजून एक सूत वर" अशी सूचना देत, रोख मजुरी मोजून पाडून घेतलेली होती. आणि त्या छिद्रांच्या आधाराने बंपरावर जी पाटी विराजमान झाली तिच्याइतके उच्च स्थान मला तहसील कचेरीच्या चाकरीत उभ्या हयातीत लाभले नव्हते.

कचेरीत वरिष्ठ मला नुसत्या आडनावाने हाक मारीत, पक्षकार 'बाबू' म्हणत, आणि घरी तर "ऐकलं का" एवढ्यावर माझ्या संबोधनाचा प्रश्न कायमचा निकालात निघालेला होता. 'दादा' असे मला कोणी कधी म्हटले नाही. कारण भावंडांत मी शेंडेफळ, आणि गावात दादा म्हणवून घ्यावयास जो वचक लागतो तो माझ्या प्रकृतीत नाही. म्हणून निवृत्तीच्या रकमेतून मोटार घेतली तेव्हा भंडाऱ्याच्या परिवहन कचेरीत पसंतीच्या क्रमांकाचे जादा शुल्क भरून मी ४१४१ हा आकडा मागून घेतला. पुढचे मराठी वाचकास सांगावयास नको. चाराच्या आकड्याची मान किंचित वळविली आणि एकाच्या आकड्यास काठी करून वर एक सलग शिरोरेषा ओढली, की अवघ्या महाराष्ट्रात त्याचा 'दादा' होतो. ज्याप्रमाणे २१४ चा राम होतो, ४९१२ चे पवार होतात आणि ८०५५ ला इंग्रजी वळण दिले की त्यातून बॉस उभा राहतो. जी प्रजा सातबाऱ्यावरील आपले क्षेत्र दुरुस्त करून घेण्यास वर्षानुवर्षे खेटे घालते, तीच प्रजा चार आकड्यांतून आपले कूळ, दैवत व दरारा असा सगळा दस्तऐवज कोणत्याही कचेरीची पायरी न चढता तयार करते, ह्याचे मला जुना कारकून म्हणून नेहमीच कौतुक वाटत आलेले आहे.

ती पाटी आमच्या गावच्या एका वृद्ध पेंटरने रंगविली होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या कपाळावरील 'आईवडिलांचा आशीर्वाद' आणि निवडणुकीतील परस्परविरोधी उमेदवारांची चिन्हे ही सर्व त्या एकाच कुंचल्याची अपत्ये. डाव्या हाताखाली लहानशी काठी आडवी धरून, तिच्यावर उजवे मनगट टेकवून, श्वास रोखून जेव्हा त्यांनी ती शिरोरेषा एका दमात डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा मी क्षणभर माझा दादापणाही विसरलो. कडेला सोनेरी किनार, आणि बंपराशी सलगी करणारी लांबरुंद चौकट. पाटी मोठी, म्हणून चार स्क्रू. चार स्क्रू, म्हणून चार छिद्रे. मोटार वाहन नियमावलीतील नियम ५० हा असल्या कलाकृतींच्या सर्वस्वी विरुद्ध आहे, हे मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही, कारण त्या नियमाची एक प्रत आमच्याच कचेरीच्या फलकावर मी स्वहस्ते टाचली होती.

मग उच्च सुरक्षा नोंदणी पाटीचे फर्मान निघाले. मूळ अधिसूचना २००१ सालची. परंतु आपल्याकडे सरकारी कागद वयात येण्यास वेळ घेतो, त्यामुळे १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या जुन्या वाहनांवर महाराष्ट्रात तो खऱ्या अर्थाने येऊन आदळला तो २०२५ मध्ये. ३१ मार्चची मुदत एप्रिलअखेरवर गेली, तेथून जूनअखेरवर, तेथून स्वातंत्र्यदिनावर, आणि स्वातंत्र्यदिनानंतरही ती पुढेच सरकत राहिली. ज्याने आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर पुढील तारीख घातली त्याला स्वतःच्या वाट्यास आलेली ही मुदतवाढ फार गोड लागली. अखेर मुलाने परस्पर ७४५ रुपये आणि वर कर भरून माझ्या दादागिरीची अखेर केली. अल्युमिनियमची पाटी, लांबी ५०० मिलिमीटर, रुंदी १२०, कोपऱ्यात अशोकचक्राचा चकाकणारा ठसा, खाली लेझरने कोरलेला दहा अंकाक्षरांचा संकेत, आणि एकदा बसले की तोडल्याखेरीज न निघणारे स्नॅप लॉक. देशातील प्रत्येक मोटारीस तेच अक्षर, तेच अंतर, तोच तिरका 'इंडिया'. (सरकारी खुणेवर माझी श्रद्धा तशी बेताचीच आहे, आमच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा कीर्तिवंत वाघ 'जय' २०१६ मध्ये बेपत्ता झाला, तेव्हा त्याच्याही गळ्यात सरकारी रेडिओ पट्टा होता.)

नवी पाटी बुटकी. तेव्हा जुन्या पाटीची चारही छिद्रे तिच्या वर आणि खाली उघडी पडली, आणि त्या चार काळ्या ठिपक्यांमध्ये पूर्वी किती मोठे काहीतरी लावलेले होते ह्याचा नकाशाच आल्यागेल्यास वाचता येऊ लागला. पाटी काढली ह्याचे दुःख मी पचविले असते. पण ती किती मोठी होती ह्याचा पुरावा कायम राहावा हे असह्य होते. "लहानशा टिकल्या लावून देऊ का?" असे घरातून विचारण्यात आले. शेजाऱ्यांच्या जावयाने एमसील मळून स्वतः भरून दिले, व ते पंचवीस वर्षे हलणार नाही असे छातीठोकपणे सांगितले. नवतपा लागताच पहिला गोळा दुपारच्या उन्हात आपसूक गळून पडला, आणि उरलेले तीन रस्त्याच्या खड्ड्यांनी एकेक करून वसूल केले.

तेव्हा मी एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो. त्याने छिद्रांकडे पाहिलेच नाही. तो उताणा होऊन बंपराखाली शिरला, आतल्या बाजूस बॅटरीचा उजेड टाकला आणि मला वाकावयास लावून प्लास्टिकवर उठविलेली दोन बारीक इंग्रजी अक्षरे दाखविली : पीपी. "हे पॉलिप्रॉपिलीन आहे जी साहेब. हे कोनालेच धरत नाही. एमसील नोको, अरल्डाइट नोको. याले याचंच लावा लागते." ह्या प्लास्टिकचा पृष्ठभाग असा निर्लेप असतो, की डिंक, लुकण, रंग, काहीही त्यावर मुरत नाही, नुसते वर बसते आणि संधी मिळताच निघून जाते. त्याने संध्याकाळी यावयास सांगितले, आणि माझ्यापुढे मोकळी दुपार उरली.

अशी मोकळी दुपार मिळाली की माझे पाय पवनीच्या जगन्नाथ टेकडीकडे वळतात, आणि वाचकाने आता बंपर काही वेळ विसरावा हे बरे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली ही टेकडी उकरली, आणि आत सातवाहनांच्याही आधीपासून नांदत आलेला प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाभोवती दगडी कठडा असे. त्यास वेदिका म्हणतात. उभे स्तंभ, आणि त्यांच्यामधून आडव्या गेलेल्या सूची. ह्या सूची बसविण्यासाठी स्तंभाच्या दोन्ही अंगांस भिंगाच्या आकाराची खोबणी कोरलेली असते. म्हणजे छिद्रेच! सूची केव्हाच निखळल्या, कोठे कोठे गेल्या, आणि खोबणी तेवढी तोंड उघडी टाकून राहिली. परंतु दोन सहस्र वर्षांत कोणी त्यांत लांबी भरून वर रंग मारला नाही, उलट विद्वान मंडळी त्या रिकाम्या खोबणीचे माप घेऊन निखळलेली सूची केवढी होती हे सांगतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. माझ्या बंपरावरून माझ्या पाटीचे माप काढणाऱ्या टपरीवरील मंडळींना मात्र हा मान कोणी देत नाही.

पण खरी मौज पुढेच आहे. ह्या वेदिकेचे दगड लोकांच्या दानातून उभे राहिले, आणि दात्यांनी आपली नावे ब्राह्मी अक्षरांत त्यांवर कोरवून घेतली. तथागताने सांगितले काय, तर 'मी' म्हणून काही नाही. आणि त्याच्या स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालताना डोळ्यांस दिसावे काय, तर हा खांब अमक्याचे दान. मला तो दाता डोळ्यांपुढे दिसतो. घरून निघताना त्याने दान गुप्त ठेवण्याचा निश्चय केला असेल. आणि पाथरवटाने छिन्नी उचलताच "जरा वर घे, प्रदक्षिणेत डोळ्यांच्या रेषेत आले पाहिजे" असे तो म्हणालाच असेल. त्याच गावात महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, सापडला. एवढी भारदस्त पदवी धारण करणारा हा पुरुष, पण त्याची ओळख आज आपणास आहे ती मुख्यतः पवनीच्या त्या एका दगडामुळे. राज्य गेले, पाटी राहिली. आणि त्याच स्तूपाच्या शिल्पांत मुचलिंद नाग पाच फणा उभारून एका रिकाम्या आसनावर छत्र धरून उभा आहे. आसनावर बुद्ध नाही. त्या काळी त्याची मूर्ती घडवीत नसत. ज्याच्यासाठी एवढा दगड घडविला त्याची जागा रिकामी, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे भरगच्च. ह्या गावात पाटीचा सोस माझ्यापासून सुरू झालेला नाही, हे समाधान उराशी घेऊन मी टेकडी उतरलो, तो चांगलाच उशीर झाला होता.

डेंटरने तोवर भंगारातल्या एका फुटक्या बंपराची पट्टी कापून ठेवली होती. त्याने आतून छिद्रावर पोलादी जाळीचा तुकडा धरला, तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने तो प्लास्टिकमध्ये हळूहळू बुडविला, मग बाहेरून त्या पट्टीची धार वितळवीत छिद्र भरत आणले. वास असह्य होता. त्याचा हात मात्र एकदाही हलला नाही. काम चालू असताना मी, बोलावयाचे म्हणून, गाव विचारले. त्याने एक नाव सांगितले आणि लगेच म्हणाला, "जुनं नाही जी. जुनं पान्यात गेलं. आता नवीन म्हनतात."

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. पुढे ह्या धरणाच्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांच्या पुनर्वसनाचे कागद माझ्याही टेबलावरून गेले. त्यांत घरे होती, झाडे होती, विहिरी होत्या, प्रत्येकीपुढे मूल्यांकनाचा आकडा होता. बोरी किती आणि मोहाची किती हे आम्ही बिनचूक मोजले. गावाच्या वेशीवरील पाटीस रकाना नव्हता. ती पाटी त्याने काढून आणली का, असे मी विचारले. "आनली होती. सरकारनं नवीन देल्ली मंग," एवढे म्हणून तो पॉलिश पेपर पाण्यात बुडवू लागला. मी त्या प्रकरणी पुढे काही विचारले नाही. ज्या कचेरीत मी हयात घालविली तिच्याकडे त्या माणसाचे काय येणे आहे, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होते.

उरलेले काम रंगाचे. घासून सपाट, प्लास्टिकचा प्रायमर, मग पांढरा. पांढरा म्हणजे पांढरा, असा माझा समज; परंतु ऊन खाल्लेला पांढरा वेगळा, हे त्याने पत्त्याच्या पानावर पिवळ्याचा थेंब काडीने ढवळून, आणि ते पान दुकानातल्या उजेडात न धरता रस्त्यावर नेऊन, सिद्ध केले. रंग जुळल्यावर लॅकरचा हात दिला. दुसऱ्या दिवशी छिद्रे कोठे होती हे मलाच सापडेना, आणि सांगण्यास संकोच वाटतो, पण मी ती बोटाने चाचपून शोधीत होतो. त्याने जी मजुरी सांगितली तीवर मी जुन्या सवयीने घासाघीस करण्यास तोंड उघडले होते, मग मिटले.

गावात असली भोके पडलेल्या मोटारी आता पुष्कळ दिसतात. राम गेले, पवार गेले, बॉस गेले. त्यांच्या मालकांस माझी विनंती एवढीच, की लांबीचा डबा उघडण्यापूर्वी बंपराखाली वाकून ती दोन अक्षरे वाचावीत, आणि कारागीर मागेल ते द्यावे.