शेताच्या नावानं चांगभलं

बर्फ पडायला लागला की अमेरिकेतल्या मोटारसायकल विक्रेत्यांना मारायला माशासुद्धा मिळत नाहीत. १९६७ साली होंडाच्या अमेरिकन शाखेने याच रडगाण्याला कंटाळून जपानकडे साकडं घातलं, की थंडीतही खपेल असं काहीतरी बनवा. ओसामू ताकेउची या अभियंत्याने दोनपासून सहापर्यंत जमतील तितक्या चाकांचे प्रयोग केले आणि अखेर तिनावर बोट ठेवलं. १९७० साली ५९५ डॉलरला हे तिचाकी बाजारात आलं. इंजिन ८९ सीसीचं, ताकद सात अश्वशक्तीची. स्प्रिंग नाही, शॉक अब्सॉर्बर नाही. धक्के सोसायचे ते गुबगुबीत टायरांनी, आणि त्यातून उरलेले चालवणाऱ्याच्या मणक्याने. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या चित्रपटात जेम्स बाँड त्यावर बसून वाळवंटात पळाला.

या जन्मकथेत शेत कुठेही नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. कारण पुढे या यंत्राच्या सगळ्या खरेद्या शेताच्या नावावर झाल्या.

खेळण्याला नोकरी लागली ती १९८२ च्या सुमारास. होंडाने ‘बिग रेड’ नावाच्या मॉडेलला पुढे-मागे सामानाचे लोखंडी रॅक लावले आणि गाडी एकदम कष्टकरी दिसायला लागली. त्याच सुमारास सुझुकीने चौथं चाक जोडलं. १९८५ साली स्नोमोबाइल बनवणारी मिनेसोटातली पोलारिस मैदानात उतरली, आणि लगोलग होंडाची चारही चाकांना ताकद देणारी गाडी आली. तिचाकीचं मात्र दिवसेंदिवस अवघड होत गेलं. वळणावर कलंडण्यात ती इतकी तरबेज होती, की १९८८ साली कंपन्यांना अमेरिकन सरकारशी करार करून तिची विक्री थांबवावी लागली. एटीव्ही, म्हणजे ‘ऑल-टेरेन व्हेइकल’, म्हणून आज जी ओळखली जाते ती ही चारचाकी, हँडलवाली, घोड्यासारखी मांड टाकून बसायची गाडी.

आता ती घेणारा अमेरिकन पाहू. खरा शेतकरी पटकन घेतो आणि कामाला लागतो. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. लिहिण्यासारखा असतो तो हौशी. शहरात नोकरी, गावाबाहेर पाच एकर जमीन, त्यात एक तळं आणि चार शेळ्या. त्याच्या कामांची यादी कोणालाही तोंडपाठ असते: कुंपण तपासणं, खांब वाहून नेणं, तणनाशक मारणं, हिवाळ्यात अंगणातला बर्फ लोटणं. पाच एकरांचं कुंपण पायी तपासायला अर्धा तास लागतो. त्यासाठी कोणती एटीव्ही घ्यावी, हे ठरवायला त्याला अख्खा हिवाळा लागतो.

तुलनेचा पहिला मुद्दा मागच्या ॲक्सलचा. होंडाची साधी रँचर ४२० घेतली तर मागे सरळ, एकसंध ॲक्सल मिळतो. रॅकवर पोती टाका, मागे ट्रॉली जोडा, गाडीचा मागचा भाग फारसा बसत नाही, आणि मोडण्यासारखे भागही कमीच. दुसरीकडे पोलारिस स्पोर्ट्समन, यामाहा ग्रिझली आणि कॅन-ॲम आउटलँडर. यांची मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. दगडधोंड्यांतून जाताना पोट घासत नाही आणि कंबरही शाबूत राहते. दुसरा मुद्दा गिअरचा. रँचरमध्ये खरेखुरे गिअर असतात, तर बाकीच्या बहुतेकांमध्ये स्कूटीसारखा पट्टा. पट्ट्याची गाडी चालवायला सोपी, पण खोल पाण्यात पट्टा ओला झाला की तो घसरतो आणि इंजिन नुसतं ओरडत बसतं.

कागदावर दोन रकाने पाडले तर शेताच्या रकान्यात सरळ ॲक्सल आणि गिअर जिंकतात, यात वाद नाही. हौशी गृहस्थही ते मान्य करतो, आणि मग ६८६ सीसीची ग्रिझली घेऊन येतो. घरी विचारणा झालीच तर तो ‘तळ्याकडचा चढ’ असं काहीतरी पुटपुटतो. चार शेळ्यांमागे जवळजवळ सातशे सीसी, म्हणजे दर शेळीमागे होंडा ॲक्टिव्हाच्या इंजिनाहून जास्त! पण त्याने रकाने शेतासाठी पाडलेच नव्हते.

एटीव्हीची सीट हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ऐसपैस, लांबलचक, आपल्याकडच्या हिशेबाने सहज ट्रिपल सीट. आणि त्याच गाडीवर स्टिकर असतं: मागे कोणालाही बसवू नका. ही लांबी चालवणाऱ्याने पुढे-मागे सरकावं म्हणून ठेवलेली असते. चढावर अंग पुढे टाकायचं, उतारावर मागे रेलायचं, वळताना वळणाच्या बाजूला झुकायचं. गाडीचं वजन तीनशे किलोंच्या आसपास, आणि तिचा तोल राखण्याचं बरंचसं काम बसणाऱ्याच्या ऐंशी किलोंवर सोडलेलं. न्यूझीलंडच्या मेंढपाळांनी या स्टिकरचा आपल्यापुरता अर्थ लावला आहे. तिथे मागच्या रॅकवर कुत्रे बसतात, आणि मालकापेक्षा ते वळणावर जास्त चांगले झुकतात.

टायरचंही तसंच. मोटारीत तीस-बत्तीस पौंड हवा भरायची सवय असलेला माणूस इथे पाच-सहा पौंडांवर कसा थांबणार? पण कमी हवेमुळेच टायर पसरतो, चिखलात रुतत नाही आणि दगडाला मिठी मारतो. पेट्रोल पंपावरचं गेज इतक्या कमी दाबाला नीट दाद देत नाही, म्हणून कमी दाबाचं वेगळं गेज लागतं. लाखो रुपयांची गाडी घेणारे नेमकं तेवढंच घ्यायला विसरतात.

मग येतो शनिवार. वेस्ट व्हर्जिनियात, कोळशाच्या खाणींच्या डोंगररांगांत, हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स नावाचं हजार मैलांहून मोठं वाटांचं जाळं आहे. ते २००० साली सुरू झालं. हॅटफील्ड आणि मॅकॉय ही एकोणिसाव्या शतकातली दोन हाडवैरी घराणी. त्यांच्या भांडणातला एक गाजलेला खटला १८७८ सालचा, एका डुकराच्या मालकीचा. न्यायाधीश हॅटफील्डांपैकी होता, आणि निकाल कोणाच्या बाजूने लागला हे सांगायला नको. आज त्या वैराच्या नावाने परवाना काढून, हेल्मेट घालून माणसं चिखल उडवतात. खाणींची रोजी आटलेल्या गावांना या पर्यटकांचा आधार झाला. काही गावांत तर एटीव्ही रस्त्यावरून थेट खानावळीच्या दारापर्यंत न्यायची मुभा आहे. तिथे चिखलाने माखलेली ग्रिझली उभी करताना गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते कुंपण तपासताना कधीही दिसत नाही.

हसण्यावारी न नेण्याची बाजूही आहे. ऑस्ट्रेलियात शेतावरच्या क्वाड बाइकखाली, म्हणजे या एटीव्हीखालीच, दरवर्षी पंधराएक माणसं दगावत होती. अर्धवट भरलेली फवारणीची टाकी उतारावर हिंदकळली की तीनशे किलोंची गाडी अंगावर यायला वेळ लागत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे नव्या क्वाडला मागे संरक्षक कमान लावणं सक्तीचं झालं, म्हणजे गाडी उलटली तरी खाली माणसापुरती पोकळी राहावी. यावर होंडा आणि यामाहा या कंपन्यांनी कमानीऐवजी बाजार सोडायचा निर्णय जाहीर केला. अशा कमानीने धोका वाढूही शकतो, असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोण हे तज्ज्ञ भांडून ठरवोत. पण कमान नको म्हणून बाजारच सोडायचा, हा हट्ट हॅटफील्डांनाही शोभला असता.

आपल्याकडे बहुतेकांची एटीव्हीशी ओळख नागाव किंवा काशिदच्या किनाऱ्यावर होते. ओल्या वाळूत एक चक्कर, मागे बसलेला दादा हँडल सोडत नाही, आणि फोटोत मात्र तो कापलेला असतो. शिवाय ‘बाहा’ या गाडीबांधणीच्या स्पर्धेमुळे पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं २००७ पासून वर्कशॉपमध्ये रात्री जागवून स्वतःची एकसीटर बग्गी वेल्डिंग करून बनवताहेत, आणि तिलाही एटीव्हीच म्हणतात. तिला पाइपांचा पिंजरा आणि सीटबेल्ट असल्याशिवाय ट्रॅकवर सोडतच नाहीत.

शेतावर मात्र गणित जमत नाही. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ची ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी आवृत्ती भारतात आणली. किंमत तेव्हा आठ लाखांच्या घरात होती. एवढ्यात मिनी ट्रॅक्टर येतो आणि पैसेही उरतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. त्याला फवारणीचा ब्लोअर फिरवायला मागे पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा दांडा, लागतो, आणि तो एटीव्हीला नसतो. नांगरट होत नाही, रोटाव्हेटर चालत नाही.

तरीही घ्यायची असेल तर निकाल सोपा आहे. काम खरोखर शेताचं असेल तर सरळ ॲक्सल, गिअरची पेटी, कमी दाबाचं गेज आणि हेल्मेट घ्या, आणि टाकी अर्धवट भरून उतारावर जाऊ नका. हौस डोंगरातल्या वाटांची असेल तर तसं घरी सरळ सांगून घ्या, शेळ्यांना मध्ये ओढू नका.