मुक्काम पोस्ट अनिश्चित

सिडनी

तीर्थरूप काकांच्या सेवेशी,
बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. जागा पसंत करण्यापूर्वी चतुःसीमा पाहावी, पाण्याची चौकशी करावी आणि घर दक्षिणाभिमुख असल्यास उंबरठाही ओलांडू नये, हा आपला हुकूम मी सर्वांस मोठ्याने वाचून दाखविला. परंतु ज्या मुलखात सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगाने चालतो, जेथील दलाल उत्तराभिमुख दिवाणखान्याचे माहात्म्य सांगून तेवढ्यापुरते भाडे चढवितात आणि घराच्या दक्षिणेस वाळत घातलेला पंचा हिवाळ्यात दुसऱ्या दिवशीही दमटच हाती येतो, तेथे शास्त्राचा अन्वयार्थ कसा लावावा, याविषयी मामलेदार कचेरीतील प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे आपणच काही शेरा मारावा.

माझी नेमणूक वोलोंगाँगच्या विद्यापीठात झाल्यामुळे सिडनीच्या दक्षिणेचा इलावारा किनारा आम्ही सहकुटुंब पालथा घालीत आहो. आपल्या कोकणासारखाच हा मुलूख डोंगर आणि समुद्र यांच्या कात्रीत सापडलेला आहे. उत्तरेच्या टोकाला तर कडा इतका पुढे सरसावतो की, दरडींना कंटाळून रस्त्याने २००५ साली कड्याचा नाद सोडला आणि तो पुलावरून सरळ समुद्रावरूनच चालू लागला. रत्नागिरीस जन्मभर समुद्रात सूर्य बुडताना पाहिलेल्या आईला येथे तो समुद्रातून वर येताना पाहून प्रथम संशय आला, परंतु अर्घ्य देण्याची सोय ध्यानात येताच तिने ही व्यवस्था मंजूर केली. मात्र दुपार कलते न कलते तोच सूर्य कड्याआड दडी मारतो, हा कामचुकारपणा तिला अद्याप मान्य नाही.

तिचा कौल हेलेन्सबर्गला आहे, कारण तेथे रानाच्या कडेला १९८५ साली प्रतिष्ठापना झालेले वेंकटेश्वराचे देऊळ आहे. चिरंजीवही आजीच्या बाजूचे. त्यांची भक्ती देवळाच्या उपाहारगृहातील डोशावर जडलेली आहे. सौभाग्यवतीला मात्र थिरूल हवे. डी. एच. लॉरेन्स हा इंग्रज कादंबरीकार १९२२ साली तेथे समुद्रकाठच्या बंगल्यात राहिला आणि 'कांगारू' या कादंबरीचा बराच भाग त्याने तेथेच लिहिला, हे प्रमाण तिने दाखल केले. येथे भाडे महिन्याने नव्हे, आठवड्याने सांगतात. तो आकडा ऐकल्यावर माझा अभिप्राय असा पडला की, लॉरेन्स जेमतेम काही आठवडे राहिला त्याअर्थी त्याचीही मिळकत माझ्याइतकीच असावी.

वास्तविक या किनाऱ्यावर पायपीट करणारे आम्ही पहिले हिंदी नव्हे. कलकत्त्याहून निघालेले 'सिडनी कोव्ह' नामक गलबत १७९७ साली फुटले, तेव्हा मदत आणण्यासाठी निघालेल्या सतरा जणांत बहुतेक आपल्याकडचे लस्कर खलाशी होते. शेकडो मैल चालून तिघेच वाचले, आणि त्यांतही एक आपल्याकडचा खलाशी होता. वाटेत त्यांना कड्यात कोळसा दिसला, आणि त्या जागेचे नाव पुढे कोलक्लिफ पडले. उपनगर पसंत करण्याची दगदग त्यांना नव्हती, एवढेच काय ते सुख.

आमची मते आम्ही मोठ्या तोऱ्यात मांडीत असलो तरी निकाल आमच्या हाती नाही. शनिवारी मोजक्या मिनिटांत घर पाहावयाचे, बाहेर रांगेत उभी असलेली दहा-बारा कुटुंबे एकमेकांच्या जोड्यांवरून पगाराचा अदमास घेत असतात, आणि मग पगाराचे दाखले, ओळखपत्रे, पूर्वीचे पत्ते असा सगळा दफ्तरखाना जोडून अर्ज गुदरावयाचा. घर आम्ही नव्हे, घराचा मालक आम्हाला पसंत करतो. आणि त्याने पसंत केल्यास चार आठवड्यांचे भाडे अनामत म्हणून सरकारकडे जमा होते. कॉरिमल येथे मध्यम प्रतीचे, रेल्वेपासून जवळ, समुद्रापासून बेताचे अंतर असलेले घर आहे. ते कोणाच्याच मनात प्रथम क्रमांकाचे नसल्यामुळे त्यासाठीच अर्ज करण्याचे एकमताने ठरले.

आता अडचण एकच उरली आहे. अर्जात पूर्वीच्या घरमालकाचा वर्तणुकीचा दाखला मागितला आहे, आणि सिडनीस स्नेह्याकडे पाहुणे म्हणून काढलेले दिवस वगळता आमचे पूर्वीचे घरमालक आपणच. भिंतींची निगा, शेजाऱ्यांशी वागणूक व शांतता याविषयी आपण दोन शब्द लिहालच. 'भाडे नियमित देत असत काय' हा रकाना मात्र, खोटे लिहावयाचे नाही हा आपला बाणा मला ठाऊक असल्यामुळे, कृपया कोरा सोडावा.

लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला आज्ञाधारक,
पुतण्या

ता. क. : दाखल्यावर गोल शिक्का असल्यास उत्तम, कोठला आहे हे येथे कोणी वाचणार नाही.