वर्षाच्या आत वापरा

(सासरे निवृत्त हवालदार. जावई न्यू जर्सीहून सुट्टीवर. जेवणाआधीचा चहा.)

जावई : बाबा, तिकडच्या पोलिसांकडे काय गाड्या असतात! थेट लष्करातून आलेल्या. खाली सुरुंग फुटला तरी ढिम्म. नाहीतर आपले हवालदार, हातात काठी.

सासरे : पण जावईबापू, तिथे सुरुंग पेरलाय कुणी? न्यू हॅम्पशरमधलं कीन हे २३ हजार वस्तीचं गाव. २०१२ च्या सुमारास त्यांना चिलखती गाडीसाठी केंद्राचं अनुदान हवं होतं, तर अर्जात धोक्याचं ठिकाण म्हणून चक्क भोपळ्यांची जत्रा दाखवली. त्यांना हसू नका. अनुदान मिळणार असेल तर भोपळाही संवेदनशील ठरतो, हे आपल्या कुठल्याही हेडक्लार्कला ठाऊक आहे. खरी मेख तुमच्या त्या १०३३ योजनेत. लष्कराचं जास्तीचं सामान पोलिसांना फुकट, वाहतूक आणि देखभाल तेवढी ज्याची त्याने करायची. अट अशी, की वर्षाच्या आत वापरात आणा, नाहीतर परत करा. म्हणजे मार्चअखेरच की! निधी संपवायला आपण धडधाकट रस्ता उखडतो, तिकडे सामान खपवायला काम शोधतात. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने २०१४ मध्ये पोलिसांच्या खास सशस्त्र 'स्वॅट' पथकांच्या ८०० वर कारवाया तपासल्या. त्यात घरझडतीच्या ७९ टक्के. ओलीस, स्वतःला कोंडून घेतलेला किंवा गोळ्या झाडत सुटलेला माणूस, ज्यासाठी ही पथकं काढली, त्या जेमतेम ७ टक्के.

जावई : पण वेळ येते तेव्हा? १९९७ साली लॉस एंजेलिसमध्ये चिलखत घातलेल्या दोन दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुलं फिकी पडली. बंदुकीच्या दुकानातून रायफली मागून आणल्या त्यांनी! आणि आपलं २६/११?

सासरे : बिनतोड बोललात. सीएसटीवर समोर एके-४७ आणि आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री. एक गोळी झाडायची, बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. तेवढ्यात समोरच्याच्या डझनभर सुटतात. पुढे गिरगाव चौपाटीवर हाती फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळ्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळीच धरली. पण त्यांचं नाव घेऊन 'लाठी पुरते' म्हणणाऱ्याला मी या घरात चहा देणार नाही. हत्यार नसल्याची किंमत होती ती. म्हणून फोर्स वन हे कमांडो पथक उभं राहिलं, ते योग्यच झालं. पण मोजक्यांना वेगळं शिकवून, वेगळं ठेवून. मोर्चा अडवायला ते सामान काढलं, की समोरचा विद्यार्थी पोलिसाला शत्रू दिसतो आणि पोलीस विद्यार्थ्याला.

जावई : मग ठाण्यातच चार रायफली ठेवल्या तर? पथक येईपर्यंत माणसं मरतात.

सासरे : चार ठेवा, पण चालवणाऱ्याला दरमहा चांदमारी करायला लावा आणि आत शिरायचा हुकूम कोण देणार ते आधीच ठरवा. टेक्सासात उवाल्डेच्या शाळेत २०२२ मध्ये एकाच बंदूकधाऱ्यासाठी ३७६ पोलीस जमले. रायफली होत्या, ढालीही आल्या. तरी ७७ मिनिटं तो आतच. तिथे उणीव होती ती हुकमाची, आणि हुकूम काही लष्कराच्या जुन्या सामानात येत नाही.

जावई : म्हणजे गाडी हवी, पण...

सासरे : पण किल्ली ठाण्यात नको. बाहेर काढली, की का काढली ते वरिष्ठांना लेखी द्यायचं, आणि भोपळा हे कारण चालणार नाही. हाती लागलेली वस्तू काम शोधतेच. तुम्ही एअर फ्रायर आणलात, तेव्हापासून तुमच्या सासूबाई त्यात शेपूसुद्धा घालतात.

जावई : त्याची किल्ली?

सासरे : त्याला किल्लीच नाही हो. चला, ताटं मांडलीयत.