मेबॅक, मामा आणि मिस्त्री

कोल्हापुरात कुठलीही गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला : "अ‍ॅव्हरेज किती देती?" हा प्रश्न लोक बुलेटला विचारतात, ट्रॅक्टरला विचारतात. दसऱ्याच्या गर्दीत छत्रपतींची मेबॅक समोरून जात असताना माझ्या शेजारच्या एका आजोबांनी तो तिच्याबद्दलही विचारला. "आजोबा, ज्याला परवडतंय त्यो इचारत न्हाई," एका पोरानं सांगून टाकलं. आजोबांचं काही समाधान झालं नाही.

पण मेबॅकला हा प्रश्न विचारणं अन्यायाचंच. ही कंपनी मुळात मोटारींची नव्हेच. काउंट झेपेलिनच्या हवाई जहाजांना इंजिनं पुरवण्यासाठी ती १९०९ साली जर्मनीतल्या बिसिंगेनमध्ये निघाली आणि पुढं फ्रीडरिक्सहाफेन या सरोवराकाठच्या गावात गेली. विल्हेल्म मेबॅक हे वडील, कारखान्याचा कारभार मुलाकडे, म्हणजे कार्लकडे. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहानं विमानांच्या इंजिनांवर बंदी आली. कारखाना होता, कारागीर होते, काम नव्हतं. तेव्हा १९२१ मध्ये कार्लसाहेबांनी मोटारी काढल्या. हात मात्र आकाशातल्या इंजिनांवर बसलेला, त्यामुळं हलकंफुलकं काही जमेचना. पुढं 'झेपेलिन' याच नावाची गाडी आली. तिच्या थोरल्या भावंडाला बारा सिलिंडर, आठ लिटरचं इंजिन, आणि वजन एवढं की जर्मनीत ती चालवायला ट्रकचा परवाना लागे. उंची गाडी घ्यायची आणि शोफर ट्रकवाला शोधायचा!

कंपनी द्यायची ती चासी आणि इंजिन. बॉडी गिऱ्हाइकानं दुसरीकडून बांधून घ्यायची, बहुतेक वेळा रावेन्सबुर्गच्या श्पोन यांच्याकडून. कापड एका दुकानातलं आणि शिंपी दुसऱ्या गल्लीतला, असा हा व्यवहार. त्यामुळं एकासारखी दुसरी सहसा नसे. १९४१ पर्यंत सगळ्या मिळून निघाल्या सुमारे १,८००. त्यातली एक राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापुरात आली.

१९२९ साली 'ग्राफ झेपेलिन' या हवाई जहाजानं पृथ्वीला फेरी मारली, ती मेबॅकच्याच पाच इंजिनांवर. आमची मेबॅक दसऱ्याला न्यू पॅलेसवरून निघते आणि दसरा चौकात येते. तिथं शमीपूजन होतं, लोक सोनं लुटतात, गाडी परत जाते. लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या गाडीला एवढीच दौड, म्हणून कुणी हळहळेल. माझं मत उलटं आहे. जुनी गाडी धावून मरत नाही, उभी राहून मरते. पेट्रोलची कार्बोरेटरमध्ये चिकट राळ होते, ब्रेकचे सिलिंडर गंजतात, रबरं तडकतात, सीटमध्ये उंदीर संसार थाटतात. जिला वर्षाची तारीख नेमून दिलेली आहे तिच्याकडं आधी कुणाला तरी बघावंच लागतं. विजयादशमी काही मेकॅनिक गावाला गेलाय म्हणून पुढं ढकलता येत नाही.

ही गाडी बघून बघूनच आमच्या मामांना नाद लागला. त्यांनी एका वाड्याच्या पडवीतून तिसाच्या दशकातली हूडची टूरिंग गाडी उचलली. कंपनीचं नाव सांगत नाही. ती बिचारी केव्हाच बुडाली. गाडीत कोंबड्यांचा मुक्काम होता. मालकानं गाडी दिली, कोंबड्यांचा हिशेब वेगळा लावला.

गाडीच्या दुरुस्तीला पहिला माणूस आला तो सुतार. त्या काळच्या बॉडीत आतून लाकडी सांगाडा असे आणि त्यावर पत्रा मारलेला. लाकूड वाळवीनं खाल्लं होतं. पत्रा निव्वळ सवयीनं उभा होता. मामी म्हणाल्या, "अहो, पलंग करायला सांगितला असता तर निदान झोपायला तरी झाला असता."

इंजिनासाठी शिवाजी उद्यमनगरात मिस्त्री शोधला. पोरांच्या हाती सीएनसी मशिनं देऊन घरी बसलेला म्हातारा. असल्या इंजिनात आजच्यासारखे तयार शेल मिळत नाहीत. व्हाइट मेटल वितळवून बेअरिंग जागेवर ओतायचं. मग क्रँकला निळा रंग लावायचा, बसवायचा, हातानं फिरवायचा, परत काढायचा. बेअरिंगवर जिथं निळा डाग उमटेल तिथं उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हातारा चष्मा कपाळावर सारून बोटानं चाचपायचा. डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता, नखावर होता. "मिस्त्री, कवा हुणार?" असं मामांनी रोज विचारावं आणि त्यानं रोज सांगावं, "मालक, इंजनाला घाई कळती."

मध्येच २०२१ मध्ये सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपातली, मोठा फेरफार न केलेली. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. मामांची गाडी हा नियम निघण्याआधीपासून पाळत होती : दुरुस्तीखेरीज ती कुठं गेलीच नव्हती. प्रश्न आला तो 'मूळ रूपा'चा. लाकूड नवं, अर्धा पत्रा नवा, बेअरिंग नवी, हूड नवं. "मूळ राहिलंय ते कर्जाचं मुद्दल," मामींनी निकाल दिला.

अखेर इंजिन बसलं. मिस्त्रीनं बजावलं, हॅण्डल मारताना अंगठा पलीकडून वळवायचा नाही, चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिनानं उलटी लाथ मारली तर हॅण्डल निसटून जातं, अंगठा अडकत नाही. मामांनी जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही. प्लास्टर निघेपर्यंत ते गावभर सगळ्यांना अंगठा दाखवत हिंडले. गाडी मात्र सुरू झाली. आवाज ऐकून म्हातारा एवढंच म्हणाला, "आता हिला बशीवू नगा."

तेव्हा तुमच्याही पडवीत आजोबांची गाडी ताडपत्रीखाली असेल, तर येत्या दसऱ्याला नुसता झेंडूचा हार घालून मोकळे होऊ नका. आधी म्हातारा मिस्त्री गाठा, कारण असे आता थोडेच उरलेत. जुनं पेट्रोल काढून टाका, ब्रेक तपासा आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत तरी न्या. अंगठा तेवढा सांभाळा.