तुलनाराव

पावसाळ्यात दोडामार्ग-तिळारीच्या जंगलात हिंडायला निघालेल्या कुठल्याही गटात एक तुलनाराव असतोच. गळ्यात दुर्बीण, खिशात भिंग, आणि तोंडात ‘त्यापेक्षा’. त्याला नुसता महाधनेश दाखवून भागत नाही. शेजारी वारुळावर अळंबी उगवलेली असली, की दोघांची कुंडली जुळवल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

“बघा,” तो सुरू करतो, “धनेशाची मादी ढोलीत शिरून विष्ठेनं नि चिखलानं दार लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. तीन-चार महिने नवरा वडाची, उंबराची फळं आणून भरवतो. बाईसाहेबांची पिसंसुद्धा आतच गळतात नि नवी येतात. आता ही अळंबी! वाळवी पालापाचोळा, लाकूड चघळून वारुळात तिच्यासाठी वाफे करते. म्हणजे दोघीही बंद घरात, दोघींनाही आयतं जेवण. फरक एवढाच की वाळवी तीच बुरशी खाते, तिला मोबदला मिळतो. धनेश बिचारा फुकट राबतो. त्यापेक्षा अळंबीचा संसार न्यायाचा.”

“अहो, आणि तुम्ही कुठल्या संसारातले?” डब्याची पिशवी सांभाळणाऱ्या बायकोचा प्रश्न. तुलनाराव तो ऐकत नाही. हे ऐकू न येणं त्याला पक्षीनिरीक्षणाइतक्याच सरावानं साधलेलं असतं.

कुणी म्हणालं, “पक्षी कुठे, बुरशी कुठे, काय राव तुलना!” की त्याचा हुकमी पत्ता निघतो. बुरशी म्हणजे वनस्पती नव्हेच. 1969 साली रॉबर्ट व्हिटाकरनं सजीवांची पाच सृष्टींत विभागणी करताना तिला स्वतंत्र सृष्टी दिली, आणि पुढे रेणूंच्या अभ्यासातून ठरलं की ती झाडापेक्षा प्राण्यांना जवळची. “म्हणजे ही अळंबी धनेश ज्या वडावर बसलाय त्या वडापेक्षा धनेशाचीच जवळची नातेवाईक!” हे मात्र खरं आहे, आणि तुलनाराव बरोबर असतो तेव्हाच जास्त छळतो.

एव्हाना वाटाड्या म्हणतो, “साहेबानू, धनेश उडान गेलो.” पंखांचा घरघराट सगळ्यांनी ऐकलेला असतो. तुलनारावानं नाही.

तुम्ही या माणसाबरोबर जंगलात जरूर जा, माहिती पक्की मिळेल. फक्त त्यानं तोडलेली अळंबी घरी शिजवू नका. खायची कुठली नि विषारी कुठली, हे बाजारात पानावर वाटे लावून बसलेल्या बाईलाच विचारा.