वादळाला सूचना

फ्लोरिडातील नागरिकांच्या आपत्तीसज्जतेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. चक्रीवादळाची बातमी आली की दुकानातले पाणी संपते, मग ब्रेड, आणि कोणत्या संकटावरचा उतारा म्हणून कोण जाणे, टॉयलेट पेपर. वॉलमार्टने 2004 मध्ये जुन्या वादळांच्या वेळची विक्री चाळली, तेव्हा स्ट्रॉबेरी पॉप-टार्टचा खप सातपट झालेला निघाला. पहिला क्रमांक अर्थात बिअरचा. संकटात डोके शांत ठेवावे म्हणतात, ते हेच.

खिडक्यांना प्लायवूड ठोकतात, हे योग्यच. त्यावर रंगाने वादळाला नावानिशी ‘परत जा’ असे बजावतात, हे त्याहून योग्य. वादळ साक्षर असेल तर वाचून ओशाळेल. नसेल तर पुढच्या हंगामाआधी त्याच्यासाठी प्रौढ साक्षरता वर्ग काढावेत, ही आमची नम्र सूचना.

2017 मध्ये ‘इर्मा’ येताना पास्को काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला जाहीर आवाहन करावे लागले, की वादळावर गोळ्या झाडू नका. कारणही दिले: त्याने वादळ मागे फिरत नाही.

फिरत असते, तर हरकत नव्हती.